माटिल्डाचा निळा रंग

दुसऱ्या महायुद्धातला ‘माटिल्डा’ हा ब्रिटिश रणगाडा साडेपाच मीटरांहून थोडा लांब होता. तो पस्तीस पट लहान केला की सोळा सेंटिमीटरांचा होतो, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा एक बोटभर मोठा. प्लॅस्टिकचे सुटे भाग तासून, चिकटवून तो टेबलावर उभा राहिला की बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. करणाऱ्याला माहीत असतं की खरं काम आता सुरू होणार आहे. रंग अजून द्यायचा आहे.

रंग देताना जे प्रश्न उभे राहतात ते इतिहासाचे असतात. हा रणगाडा कोणत्या वर्षातला? कोणत्या रेजिमेंटचा, कोणत्या तुकडीचा? त्या महिन्यात त्या आघाडीवर कोणता आदेश लागू होता? आदेश निघाला, पण रंगाचे डबे पोचले होते का? पुस्तक लिहिणाऱ्याला यातल्या एखाद्या प्रश्नाला वळसा घालता येतो. ‘रणगाड्यांनी पहाटे हल्ला केला’ एवढं लिहून त्याला पुढे जाता येतं. रणगाडे कोणत्या रंगाचे होते हे कोणी त्याला विचारत नाही. कुंचला हातात घेतलेल्या माणसाला ही सवलत नाही. त्याला एक चौरस सेंटिमीटरही कोरा सोडता येत नाही. जे ठाऊक नाही तिथेही त्याला कोणता ना कोणता रंग लावावाच लागतो, आणि एकदा लावला की तो रंग ठाऊक असल्यासारखा दिसू लागतो.

मी इतिहास शिकलो तो शाळेत होता तेवढाच. पुढचा जो काही शिकलो तो या अडचणीमुळे. लहान प्रतिकृती रंगवण्याचा छंद असलेल्या जगभरच्या माणसांनी गेल्या काही दशकांत लष्करी इतिहासातला एक दुर्लक्षित कोपरा उजेडात आणला. त्याच माणसांनी त्याआधी एक चूकही मोठ्या प्रेमानं जगभर पसरवली होती. ती चूक निळ्या रंगाची होती. या लेखात तिची हकिकत सांगायची आहे.

वाळवंटातले तिरके पट्टे

१९४० मध्ये इजिप्तमधल्या ब्रिटिश सैन्यासमोर इटलीची लिबियातली फौज होती आणि मध्ये उघडं वाळवंट. झाड नाही, भिंत नाही, ओढ्याची घळही क्वचित. रणगाड्यासारखी मोठी वस्तू तिथे लपवणं अवघड होतं. मग लपवता येत नसेल तर निदान तिचा आकार तरी मोडावा, असा विचार झाला. समुद्रावर हा प्रयोग आधी होऊन गेला होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराच्या कल्पनेनुसार ब्रिटिश जहाजांवर काळे-पांढरे-निळे तिरके पट्टे रंगवले गेले. जहाज दिसावं, पण ते कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं चाललंय याचा पाणबुडीला अंदाज येऊ नये, हा हेतू.

वाळवंटातल्या रणगाड्यांसाठी जी रंगयोजना आली तिला आज ‘काँटर योजना’ म्हणतात. ब्रिगेडियर काँटर हे तिथल्या चिलखती दलातले अधिकारी. त्यांच्या नावावरून हे नाव पडलं. योजनेत तीन रंग. सर्वांत फिकट तो वाळूचा, ‘लाइट स्टोन’ किंवा त्याऐवजी ‘पोर्टलंड स्टोन’. मधला ‘सिल्व्हर ग्रे’. सर्वांत गडद ‘स्लेट’. हे रंग नागमोडी डागांसारखे लावायचे नव्हते. पट्ट्यांच्या कडा सरळ आणि धारदार, रेषा तिरक्या. प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी पट्टे कुठून कुठे जावेत याचं वेगळं रेखाचित्र होतं. त्यामुळे प्रतिकृती रंगवणाऱ्याला ही योजना फार प्रिय आहे आणि तितकीच छळणारीही. आधी सगळ्या रणगाड्याला फिकट रंग द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापून टरेटच्या गोलाईवरून, चिलखताच्या खाचांतून, खिळ्यांच्या डोक्यांवरून एक सरळ रेषा न्यायची. वळणाऱ्या पृष्ठभागावरची सरळ रेषा किती ठिकाणी वाकडी होते हे तेव्हा कळतं.

या रंगांतले माटिल्डा ९ डिसेंबर १९४० च्या पहाटे सिदी बर्रानीजवळच्या निबेइवा या इटालियन तळावर चालून गेले. रणगाडे सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे होते आणि त्यांच्याबरोबरचं पायदळ चौथ्या भारतीय डिव्हिजनचं. माटिल्डाचं समोरचं चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड होतं. इटालियनांच्या रणगाडाविरोधी तोफांचे गोळे त्यावर आपटून परतत होते. तळाबाहेर उभे असलेले इटालियन रणगाडे सज्ज होण्याआधीच निकामी झाले, तळाचे सेनापती जनरल मालेत्ती मारले गेले. काही दिवसांतच चौथी भारतीय डिव्हिजन तिथून हलवून सुदानमार्गे इरिट्रियाच्या मोहिमेवर पाठवण्यात आली. तिथे केरेनच्या डोंगरांत जी दीर्घ लढाई झाली तिच्यात पाचव्या भारतीय डिव्हिजनमधले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. केरेन हा त्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांपैकी एक आहे. चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटच्या एका स्क्वॉड्रनचे माटिल्डा त्याही मोहिमेत होते. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून गेलेल्या मुलांनी हा अगडबंब, सावकाश चालणारा रणगाडा जवळून पाहिला असणार. त्यांच्यासाठी त्याचा रंग हा वादाचा विषय नव्हता. तो डोळ्यांसमोर होता.

आपल्यापर्यंत पोचली ती छायाचित्रं. ती काळी-पांढरी होती.

निळा कसा पसरला

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात काँटर योजना अगदी स्पष्ट दिसते. तीन छटा, धारदार कडा. पट्टे कुठून कुठे गेलेत हे मोजून घेता येतं. मधली छटा करडी दिसते. पण काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात सगळंच करडं असतं. तो करडा हिरव्याचा, निळ्याचा की मातकट तांबड्याचा, हे चित्र सांगत नाही.

युद्धानंतर अनेक वर्षांनी संग्रहालयांत उभ्या असलेल्या रणगाड्यांना नव्यानं रंग देण्यात आला तेव्हा तो मधला पट्टा फिकट निळा झाला. दिसायला तो फारच सुंदर होता. वाळूचा पिवळसर, आकाशाचा निळा आणि पाटीचा गडद. बघणाऱ्याला पटण्यासारखं कारणही तयार होतं: वाळवंटात वर आकाश, खाली वाळू, मग रणगाड्यावर दोन्ही रंग असणारच. पर्यटकांनी, छायाचित्रकारांनी त्याचे रंगीत फोटो काढले. आता काँटर योजनेतल्या माटिल्डाचा रंगीत फोटो हवा असेल तर हाच मिळू लागला. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींच्या माहितीपत्रकांत निळा आला, पेटीवरच्या चित्रांत आला. छंद असलेल्या माणसांनी घरोघरी निळे पट्टे रंगवले, त्यांचे फोटो मासिकांत छापून आले. पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या चित्रकारांनी संदर्भ म्हणून हेच फोटो समोर ठेवले. मग कोणाला शंका आली आणि त्यानं पुस्तक उघडलं, तर पुस्तकातही निळाच. संग्रहालयाला पुस्तकाचा आधार आणि पुस्तकाला संग्रहालयाचा. दहा साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, कारण दहाही जणांनी ती एकाच ठिकाणी ऐकली होती.

इतिहासात अशी वर्तुळं नवीन नाहीत. बखरीतला एखादा प्रसंग नाटकात जातो, नाटकातून शाळेच्या पुस्तकात, तिथून लोकांच्या तोंडी, आणि मग ‘लोकपरंपरा असं सांगते’ म्हणून पुन्हा इतिहासाच्या पुस्तकात येतो. फरक इतकाच, की शब्दांच्या बाबतीत आपण थोडे सावध झालो आहोत. रंगाच्या बाबतीत आपण अजून डोळ्यांवर विश्वास ठेवतो. दिसतोय की, मग खोटा कसा असेल?

हे वर्तुळ तोडलं ते कागदानं. ज्या लष्करी आदेशांनी काँटर योजना लागू केली त्यांत रंगांची फक्त नावं नव्हती, क्रमांकही होते. ब्रिटनमध्ये तयार रंगांसाठी १९३० पासून एक प्रमाणित रंगपत्रक होतं. सरकारी खात्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळे त्यातल्या क्रमांकानं रंग मागवत. लाइट स्टोन म्हणजे क्रमांक ६१, पोर्टलंड स्टोन ६४, सिल्व्हर ग्रे २८, स्लेट ३४. हे रंग नंतरच्या ब्रिटिश प्रमाणपत्रकातही राहिले. क्रमांक तेवढे तीन आकड्यांचे झाले: ३६१, ३६४, ६२८ आणि ६३४. सिल्व्हर ग्रेचा तुकडा समोर धरला की दिसतो तो हिरवट करडा. सुकलेल्या तुळशीच्या पानाची मागची बाजू आठवावी, तसा. त्यात आकाश कुठेच नाही.

हे काम ज्यांनी चिकाटीनं केलं त्यांत माइक स्टार्मर या ब्रिटिश संशोधकाचं नाव मुद्दाम घ्यायला हवं. जुने आदेश वाचायचे, मूळ रंगनमुन्यांशी ताडून पाहायचे, आणि मग दुकानात मिळणाऱ्या छोट्या डब्यांतले कोणते रंग किती प्रमाणात मिसळले की ती छटा मिळेल याची कृती लिहून काढायची, असं त्यांचं काम. विद्यापीठाच्या शोधनिबंधात अशा कृतीला जागा मिळाली नसती. पण ‘हा रंग असा होता’ या विधानाचा पुरावा वाचकाच्या हातात देण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही. वाचकानं रंग कालवून पाहावा आणि रंगपत्रकाशेजारी धरावा.

छायाचित्रंही आता नव्यानं वाचता आली. त्या काळात दोन प्रकारच्या फिल्म वापरात होत्या. पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग कमी-अधिक प्रमाणात टिपते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तांबडं ते काळं उतरतं. उलट निळा रंग तिच्यावर फार उजळ, जवळजवळ पांढरा उतरतो. मधला पट्टा आकाशी असता तर अशा फिल्मवर तो फिकट वाळूच्या रंगात मिसळून गेला असता. आणि रंगीत फिल्म म्हणजे खात्री, असंही नाही. कोडाक्रोम १९३५ मध्ये आली, नवी आग्फाकलर १९३६ मध्ये. युद्धातले रंगीत फोटो आहेत. पण भर उन्हात सावलीतल्या भागावर उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा. त्यामुळे करडा रंग सावलीत निळसर दिसतो. साठ-सत्तर वर्षांत फिल्मवरचे रंगही सरकतात. डोळ्यांनी पाहिलेलं आणि खरं असलेलं यांच्यात इतके पडदे असतात.

करड्याच्या पोटातला तपकिरी

निळ्याची चूक ब्रिटिशांपुरती नव्हती. जर्मन बाजूला याच्या उलट घडलं. तिथे असलेला रंग हरवला होता.

१९३९ मध्ये पोलंडवर आणि १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेले जर्मन रणगाडे सरसकट गडद करडे रंगवायचे, हा प्रतिकृतींच्या जगात कित्येक दशकं नियमच होता. छायाचित्रांत ते एकाच रंगाचे दिसत होते. पुढे थॉमस येंट्झ आणि हिलरी डॉइल यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ जर्मन आदेश धुंडाळले तेव्हा कळलं, की त्या काळातली अधिकृत रंगयोजना दोन रंगांची होती: दोन तृतीयांश गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी. दोन्ही रंग इतके गडद, की काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात ते एकमेकांत विरघळून जात. जुलै १९४० च्या अखेरीस नुसता करडा ठेवायचा आदेश निघाला. हे समजल्यावर लोकांनी तीच जुनी छायाचित्रं पुन्हा, भिंगाखाली पाहिली. चांगल्या प्रतींमध्ये तपकिरी डागांच्या कडा अंधूक दिसत होत्या. त्या नेहमीच तिथे होत्या. काय शोधायचं हे कळल्याशिवाय त्या दिसत नव्हत्या.

पुढचा टप्पा आणखी गमतीचा. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्यानं करडा सोडून गडद पिवळा हा मूळ रंग केला. त्यावर लावायचे तांबूस तपकिरी आणि ऑलिव्ह हिरवा हे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना मिळत. रणगाड्यावरच्या शिपायांनी ते पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करायचे आणि त्या प्रदेशाला साजतील असे फवारायचे. पेट्रोलमध्ये कालवलेला रंग टिके. पाण्यात कालवलेला पहिल्या मोठ्या पावसात ओघळे. कोणी दाट लावला, कोणी पातळ. एका शिपायानं पट्टे काढले, शेजारच्यानं ठिपके. तेव्हा ‘१९४३ चा जर्मन रणगाडा नेमका कसा रंगवावा’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. एका विशिष्ट रणगाड्याचं, एका विशिष्ट दिवसाचं उत्तर असू शकतं, तेही छायाचित्र असेल तर.

रंगवणाऱ्याला इथे एक शहाणपण येतं. आदेश म्हणजे काय करायला सांगितलं होतं, एवढंच. छायाचित्र म्हणजे काय झालं, पण एका क्षणी आणि एका बाजूनं. रणगाड्याची दुसरी बाजू फोटोत नसते. तिथे तुम्ही जे काही रंगवाल तो अंदाज असतो. चांगले रंगवणारे हा अंदाज कुठे सुरू होतो ते उघडपणे सांगतात. प्रदर्शनात प्रतिकृतीशेजारी ठेवलेल्या चिठ्ठीत ‘उजवी बाजू छायाचित्रावरून, डावी अनुमानानं’ असं वाक्य दिसलं की त्या माणसाबद्दल माझा आदर वाढतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या शेवटीही अशी चिठ्ठी असती तर बरेच वाद वाचले असते.

लपणं आणि ओळख

मूळ रंग झाला की त्यावर खुणा येतात. पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ चित्रांना डीकल म्हणतात. रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डीकल बसवलं की त्याखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी चमकतात, म्हणून आधी चकचकीत वार्निश द्यायचं, डीकल बसवायचं, त्याला मऊ करणारं द्रावण लावून ते खिळ्यांच्या डोक्यांवर चपखल बसू द्यायचं, आणि शेवटी सगळ्यावर मंद वार्निश मारून चमक घालवायची. या कामात संध्याकाळ जाते. आणि हात चालू असताना डोक्यात एक विसंगती घोळत राहते. आत्ताच ज्या वस्तूला लपवण्यासाठी तीन रंग दिले, तिच्यावर आता लांबून दिसावीत अशी चिन्हं का लावायची?

रणगाड्याला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात. शत्रूला तो दिसू नये आणि स्वतःच्या माणसांना ओळखू यावा. धुळीच्या लोटात, धुरात, पाचशे मीटरांवरून आपल्याच तोफेनं आपल्याच रणगाड्यावर गोळा टाकण्याची भीती शत्रूइतकीच खरी असते. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘क्रुसेडर’ मोहिमेच्या वेळी ब्रिटिश रणगाड्यांवर पांढरा-तांबडा-पांढरा असा ठसठशीत उभा पट्टा रंगवला गेला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातही अशीच खूण वापरली गेली होती. याला एक कारण होतं. रोमेलच्या सैन्यानं हाती लागलेले माटिल्डा दुरुस्त करून स्वतःच वापरायला घेतले होते. त्यांच्या टरेटवर आणि अंगावर जर्मन क्रॉस रंगवले होते, तेही चांगले मोठे, कारण आता जर्मन तोफखान्यानं त्यांना ब्रिटिश समजून उडवू नये ही काळजी होती. लोखंड तेच, इंजिन तेच. रणगाडा कोणाच्या बाजूनं आहे हे ठरवत होता एक कुंचला.

बाकीच्या खुणांची स्वतःची लिपी आहे. ब्रिटिश पद्धतीत टरेटवर त्रिकोण असेल तर ‘ए’ स्क्वॉड्रन, चौकोन असेल तर ‘बी’, वर्तुळ असेल तर ‘सी’, आणि हिऱ्यासारखा तिरपा चौकोन म्हणजे रेजिमेंटचं मुख्यालय. आकृती तांबडी असेल तर ब्रिगेडमधली सर्वांत ज्येष्ठ रेजिमेंट, पिवळी असेल तर दुसरी, निळी असेल तर तिसरी. ही लिपी वाचता आली की फोटोखाली ओळ नसली तरी फोटो बोलू लागतो. त्यातही काळ्या-पांढऱ्याची अडचण येतेच: तांबडा त्रिकोण की निळा? पुन्हा फिल्मचा प्रकार, पुन्हा शेजारच्या रणगाड्याशी तुलना.

१९४१ च्या अखेरीस काँटर योजना बंद झाली आणि रणगाडे पुन्हा एकाच वाळूच्या रंगाचे झाले. कारण तीन रंगांची नक्षी सांभाळणं कष्टाचं होतं आणि वाळवंटात काही मैल गेलेला कोणताही रणगाडा तसाही धुळीच्याच रंगाचा होत असे. पुढच्या वर्षी अल अलामेनच्या लढाईआधी रणगाड्यांवर कापडी सांगाडे चढवून ते लांबून मालमोटारींसारखे दिसतील अशी व्यवस्था केली गेली. आकार मोडण्याऐवजी आकार बदलणं. ज्या नक्षीसाठी आपण मास्किंग टेपशी झगडतो ती प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्षाचीच पाहुणी होती.

अक्षरं आणि माणसं

सर्वांत शेवटी नाव लिहायचं. ब्रिटिश रणगाड्यांना नावं असत आणि त्यांचं पहिलं अक्षर बटालियनवरून ठरे. पहिल्या महायुद्धात टँक कोअरच्या बटालियनना ए, बी, सी, डी अशी अक्षरं होती. पुढे त्यांना क्रमांक मिळाले तरी अक्षर टिकलं: चौथ्या रेजिमेंटच्या रणगाड्यांची नावं ‘डी’वरून, सातव्याची ‘जी’वरून. चौथ्या रेजिमेंटच्या टरेटवर आणखी एक खूण असे, रंगवलेला डोळा. मलायातले चिनी व्यापारी यू टाँग सेन यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटनला एक रणगाडा भेट दिला होता. चिनी होड्यांवर रंगवतात तसे डोळे त्याच्यावर रंगवले गेले. डोळ्यांशिवाय वाहनाला वाट कशी दिसणार? तो डोळा पुढे चौथ्या रेजिमेंटची परंपरा झाला. मलायातल्या एका व्यापाऱ्याची श्रद्धा सोळा सेंटिमीटरांच्या प्रतिकृतीवर दोन मिलिमीटर जागा अडवते, आणि ती जागा चुकवली तर रणगाडा अपुरा राहतो.

नावात काय असतं याचं उत्तर फ्रान्समधल्या फ्लेस्किएर गावानं दिलं. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रेच्या लढाईत ‘डी’ बटालियनचा डी ५१ हा रणगाडा या गावात निकामी झाला. त्याचं नाव ‘डेबोरा’. त्यातले पाच जण मारले गेले. नंतर तो जमिनीखाली पुरला गेला आणि विसरलाही गेला. १९९८ मध्ये फिलिप गोर्झिन्स्की या स्थानिक इतिहासप्रेमीच्या प्रयत्नांतून तो जमिनीतून बाहेर आला. नुसतं गंजलेलं, फाटलेलं लोखंड. ते डी ५१ आहे हे ठरल्यावर त्या लोखंडाला पाच माणसं परत मिळाली. त्यांच्या कबरी त्याच गावच्या लष्करी दफनभूमीत आहेत. क्रमांक ठरला नसता तर तो नुसता एक जुना रणगाडा राहिला असता. टरेटवरचं अक्षर बरोबर की चूक हा हौशी लोकांचा काथ्याकूट वाटत असेल, तर त्या पाच कबरींचा विचार करावा.

आपल्याकडेही असा एक रणगाडा आहे. अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात झाला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या या २१ वर्षांच्या अधिकाऱ्यानं ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून शेवटपर्यंत लढा दिला त्याचं नाव ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं हे नाव. तो रणगाडा आज अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. त्याच गावात १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे, आणि तिथे माटिल्डाही आहे. त्याच आवारात जर्मन ८८ मिलिमीटरची तोफही आहे. जून १९४१ मध्ये हलफाया खिंडीत याच जातीच्या तोफांनी माटिल्डांचा दरारा एका दिवसात संपवला होता. वाळवंटातले दोन वैरी आज नगरच्या उन्हात एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. आपल्या जिल्ह्याच्या गावी हे पाहायला मिळतं, ही थोडीथोडकी गोष्ट नाही.

संग्रहालयातल्या कोणत्याही रणगाड्याकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. उघड्यावर उभ्या असलेल्या लोखंडाला काही वर्षांनी रंग द्यावाच लागतो, नाहीतर गंज त्याला खातो. म्हणजे आपण पाहतो तो रंग संग्रहालयाचा असतो, युद्धाचा नसतो. जगातल्या बहुतेक रणगाड्यांचं असंच आहे. युद्धाचा रंग असेलच तर तो खाली, चौथ्या-पाचव्या थरात, एखाद्या बिजागरीच्या मागे किंवा पेटीच्या झाकणाच्या आत, जिथे नंतरचा कुंचला पोचला नाही. परदेशात जुन्या रंगाचे पुरावे मिळाले ते बऱ्याचदा अशा सांदीकोपऱ्यांतून.

आपल्या छावण्यांत, चौकांत, शाळांच्या दारांत १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले कितीतरी रणगाडे स्मारक म्हणून उभे आहेत. काही आपले, काही जिंकलेले. कुठला तरी कार्यक्रम ठरतो, पाहुणे येणार असतात, आणि आदल्या आठवड्यात रणगाड्यावर चकचकीत हिरव्या ऑइलपेंटचा हात फिरतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या हाताखाली पुसट झालेला क्रमांक, एखाद्या स्क्वॉड्रनची आकृती, कोणी हातानं लिहिलेलं नाव कायमचं जातं. त्या रणगाड्यांत बसलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. टरेटवरचा आकडा कोणता होता, तो पांढरा होता की पिवळा, हे सांगू शकणारे थोडेच उरले आहेत, आणि हा प्रश्न त्यांना फारसं कोणी विचारलेला नाही. आपल्या इतिहासलेखनात लढाईची तारीख असते, सेनापतीचं नाव असतं, पदकांची यादी असते. वस्तू कशी दिसत होती ही नोंद बहुधा नसते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. नवा रंग देण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, फोटोत रंगपट्टी ठेवावी, क्रमांक आणि खुणा वहीत उतरवून घ्याव्यात. एखाद्या आडोशाच्या जागी टपाल तिकिटाएवढा चौकोन हलक्या हातानं घासून खाली किती थर आहेत ते पाहावं आणि तो चौकोन तसाच उघडा ठेवावा. त्या युद्धातले कोणी आजोबा शेजारी राहत असतील तर त्यांच्यासमोर रंगांचं पत्रक धरून विचारावं, ‘यातला कोणता?’ उत्तर चुकेलही. स्मरणशक्तीचे रंगही उडतात. पण तेही लिहून ठेवावं, आणि ते आठवणीतलं आहे असं सोबत लिहावं.

माटिल्डाच्या निळ्या रंगाला मी पूर्णपणे खोटा म्हणणार नाही. ज्यांनी तो लावला त्यांनी फसवण्यासाठी लावला नव्हता. त्यांना जागा कोरी ठेवता येत नव्हती, आणि हाताशी होती ती एक सुंदर कल्पना. त्यांनी फक्त एक गोष्ट करायची सोडली: हा रंग आमच्या अंदाजाचा आहे, असं कुठे लिहिलं नाही. तेवढी एक ओळ त्या रणगाड्याशेजारी असती, तर मधली कित्येक वर्षं जगभरच्या टेबलांवरचं आकाश वाळवंटात उतरलं नसतं.